पावतीवर न दिसणारी फी

बँकेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली, तरी मांडवीतल्या माणसांच्या लेखी मी अजून बँकेतच आहे. कुणाला मुदत ठेवीची पावती दाखवायची असते, कुणाला मेहुण्याला जामीन राहावे की राहू नये हे विचारायचे असते, कुणाला नुसते ऐकून घेणारे माणूस हवे असते. मी कादंबऱ्याही लिहितो हे फारसे कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्या वाचल्या असतील असे वाटत नाही. हिशेब मात्र सगळे विचारतात.

गेल्या फेब्रुवारीत दिवेलागणीच्या सुमारास एक जोडपे असेच घरी आले. तो रिक्षा चालवतो. ती बचत गटातल्या बायकांबरोबर कोकम सरबत, आंबापोळी, तळलेले गरे असे हंगामाप्रमाणे काही करून विकते. घरात वृद्ध आई, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आकड्यांचा मेळ तोच ठेवला आहे.) तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीतून एकेक कागद बाहेर आला. रिक्षाच्या कर्जाचे कार्ड, पतसंस्थेचे पासबुक, सोने तारणाची पावती आणि सगळ्यात शेवटी, जपून घडी घातलेली, मुलाच्या शाळेची नोटीस. शुल्काचा दुसरा हप्ता वार्षिक परीक्षेपूर्वी भरावा, असे तीत लिहिले होते.

"बाकीचं मागाहून बघा काका," तो म्हणाला, "आधी एवढंच सांगा. याची शाळा चालू ठेवायची, की काढायचा याला तिथून?"

मुलगा इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत आहे. मुलगी शहरातल्या अनुदानित मराठी शाळेत. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी गोष्ट त्या फरकाचीच आहे.

मी एक पाठकोरा कागद घेतला. दोघांची मिळून महिन्याची मिळकत सरासरी २२,००० रुपये. सरासरी म्हणायचे कारण असे, की मे महिन्यात पर्यटक असतात तेव्हा ती तीस हजारांच्या आसपास जाते आणि पावसाळ्यात लाटा जेटीवर आपटायला लागल्या की निम्म्यावर येते. खर्चाला मात्र सरासरी नसते. रिक्षाचा हप्ता ५,२००. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी पतसंस्थेतून काढलेले दीड लाख, व्याज १४ टक्के, मुदत तीन वर्षे. त्याचा हप्ता ५,१३०. बायकोचे दागिने ठेवून घेतलेले ८०,०००, जे दोन वर्षे नुसते व्याज भरून फिरवत आणले आहेत. त्याचे व्याज महिना ८००. आणि एका ओळखीच्याकडून घेतलेले ३०,०००, शेकडा तीनने, महिना ९००. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण घरात कुणी ते तोंडाने उच्चारले नव्हते.

एकूण १२,०३० रुपये महिना हप्त्यांत आणि व्याजात जातात. त्यानंतर शाळा. शुल्क ३२,०००, व्हॅन १२,०००, पुस्तके, गणवेश, बूट वगैरे ७,०००, शिकवणी महिना ८०० म्हणजे वर्षाचे ९,६००. सारे मिळून ६०,६००, महिन्याला ५,०५०. हे सगळे वजा जाता पाच माणसांचे जेवण, वीज, गॅस, म्हातारीची औषधे आणि मुलीची दहावी यांसाठी उरतात ४,९२० रुपये.

एवढे लिहून झाल्यावर मी विचारले, "दागिने कशासाठी ठेवलेत? आणि ते तीस हजार?" दोन्ही शाळेसाठी, हे उत्तर मला अपेक्षित होते. दागिने दोन जूनमागे, तीस हजार या जूनला. त्या दोन कर्जांचे व्याज महिन्याला १,७०० होते, वर्षाला २०,४००. शाळेच्या पावतीवर शुल्क ३२,०००च आहे. पण हे घर भरते आहे ५२,४००. पावतीवर न दिसणारी ही फी शाळेला मिळत नाही, मुलाच्या शिक्षणात तिच्याने एक अक्षर वाढत नाही. ती निव्वळ उशिराची किंमत आहे.

बँकेत नव्या अधिकाऱ्याला एक साधा नियम शिकवीत असत. कर्ज कमावणाऱ्या वस्तूसाठी द्यावे. रिक्षा रोज कमावते, म्हणून तिचा हप्ता जड असला तरी तो शहाणपणाचा हप्ता. शस्त्रक्रिया कमावत नाही, पण ती एकदाच होते आणि तिला पर्याय नसतो. शाळेची फी दर जूनला येते. दर जूनला येणारा खर्च कर्जातून भागवायचा, म्हणजे दर जूनला आधीच्या कर्जाच्या डोक्यावर नवे कर्ज. मुलगा शिकून कमावता होईल हे खरे, पण त्याला अजून पंधरा वर्षे आहेत आणि सोने तारणाची मुदत एक वर्षाची. पाचवी ते दहावी ही सहा वर्षे, दरसाल दहा टक्के वाढ धरली, तर खर्च पाच लाखांच्या पुढे जातो. व्याज वेगळे.

०००

पण त्या कागदावर एक आकडा मला जुळत नव्हता. व्हॅनचे १२,००० रुपये एकरकमी भरलेले दिसत होते आणि ते कुठल्याच कर्जातून आलेले नव्हते. मी विचारल्यावर नवरा पिशवी आवरू लागला. बायको म्हणाली, "ते ताईच्या स्कॉलरशिपचे, काका."

आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या हुशार मुलांसाठी ती केंद्र सरकारची योजना आहे. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला त्या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे मुलगी स्वस्त शाळेत होती म्हणूनच तिला हे पैसे मिळू शकले, आणि ते भावाच्या महागड्या शाळेच्या व्हॅनमध्ये गेले.

"तिला विचारलं होतं का?"

"ती म्हणाली, घ्या."

दहावीतल्या मुलीला अशा वेळी दुसरे काय म्हणता येते? तिने गणिताची शिकवणी मागितली होती, ती 'पुढच्या महिन्यात' म्हणून राहिली होती, हे मला तिच्या आजीकडून नंतर कळले. कर्जबाजारी घर पैसे कुठून उचलते याचा मी नोकरीत अनेक वर्षे अनुभव घेतला आहे. ते सावकाराकडे किंवा बँकेकडे पुष्कळ नंतर जाते. सगळ्यात आधी ते घरातल्या न बोलणाऱ्या माणसाकडून उचलते. त्या कर्जाला कागद नसतो, मुदत नसते, वसुलीची नोटीस येत नाही. म्हणून ते फिटतही नाही.

आपल्या कोकणात ही गोष्ट नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला १८६६ साली जन्मले. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडले आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. मॅट्रिक झाल्यावर गोपाळराव नोकरी बघू म्हणत होते, तेव्हा वहिनींनी आपले दागिने विकून त्यांना पुढे शिकवण्याची तयारी दाखवली, असे चरित्रकार सांगतात. आपण ही हकिकत मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण सांगताना गोविंदरावांचे काय, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्यांनाही शिकायचे असेलच की!

गोखले स्वतः हे विसरले नसावेत, असे मला वाटते. १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मुलांचे शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे आणि ज्या घराचे उत्पन्न महिना दहा रुपयांपेक्षा अधिक नाही त्या घराकडून फी घेऊ नये, असे त्यात होते. एका मुलासाठी दुसऱ्याने शाळा सोडावी लागू नये, याची कायद्याच्या भाषेत केलेली ती मागणी होती. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

मधल्या काळात हिशेब कसे होत होते, याची साक्ष हे मांडवी बंदरच देईल. इथून मुंबईची बोट सुटे. एक मुलगा सातवीनंतर बोटीत बसे, गिरणीत लागे, आणि त्याच्या मनिऑर्डरीवर धाकटा मॅट्रिक होई. गावोगावच्या हायस्कुलांच्या फीवहीत पाहिले तर अशा किती मनिऑर्डरी सापडतील! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या मनिऑर्डरी थांबल्या. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. त्या वर्षी सोने ठेवायला येणाऱ्या बायकांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. पण त्या रांगेत मुलाच्या फीसाठी उभी राहिलेली बाई क्वचित दिसे, कारण अनुदानित शाळेची फी एवढी नव्हतीच. तेव्हा माणसे पोटासाठी दागिने ठेवीत. फीसाठी दागिने ठेवणारे गिऱ्हाईक मी पाहिले ते दहा-बारा वर्षांनी.

ते मला सांगितलेच पाहिजे. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एका दवाखान्यातला कंपाउंडर घरदुरुस्तीसाठी कर्ज मागायला आला. घराला दुरुस्तीची गरज नव्हती हे मला माहीत होते. दोन मुलांना त्याने नव्याने निघालेल्या इंग्रजी शाळेत घातले होते, हेही माहीत होते. मी काही विचारले नाही. माणूस सज्जन, हेतू चांगला, आपण कशाला आड यावे, असे मला वाटले. पुढच्या वर्षी त्याने दागिने ठेवले. तिसऱ्या वर्षी ते सुटले नाहीत. लिलावाच्या नोटिशीवर सही माझी होती, आणि ती नोटीस मी शाखेच्या फळ्यावर लावली, त्या दिवशी त्याची बायको पैसे भरणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. मुले पुढे मराठी शाळेतच गेली, पण वर्षाच्या मध्यात, थकबाकीचा शिक्का घेऊन. त्या दिवशी मी त्याला 'हे कर्ज घेऊ नका' म्हणालो असतो, तर तो रागावला असता. दागिने राहिले असते.

०००

म्हणून या वेळी मी स्पष्ट बोललो. मुलाला तिथून काढा. आज नाही, जूनमध्ये. चौथी पुरी होऊ द्या. पाचवीला तशीही पुष्कळ मुले शाळा बदलतात, त्याला एकट्याला वेगळे वाटणार नाही. आपण होऊन जूनमध्ये काढलेला मुलगा आणि पैसे थकले म्हणून जानेवारीत घरी बसवलेला मुलगा, यांत फार अंतर असते.

नवऱ्याला ते पटले. बहुधा तो कुणीतरी असे सांगावे म्हणूनच आला होता. बायको बोलली ती त्यानंतर. "मी बारावी झालेय, काका. हॉटेलात रिसेप्शनला मुलाखत दिली होती. पहिलाच प्रश्न इंग्लिशमधून आला, आणि मी गप्प बसले. माझ्या मुलाने कुणापुढे गप्प बसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

याला काय उत्तर द्यायचे? मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व मला सांगता आले असते. पण माझी स्वतःची नातवंडे पुण्यात इंग्रजी शाळेत आहेत, हे तिला ठाऊक होते. मराठी शाळांचा कळवळा घेऊन भाषणे करणाऱ्यांपैकी किती जणांची मुले मराठी शाळेत असतात, हे मांडवीतल्या माणसांनाही दिसते. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून मी मुलालाच दुसऱ्या दिवशी बोलावले. त्याने इंग्रजी पुस्तकाचे पान झरझर वाचून दाखवले. अर्थ विचारला तर आईकडे पाहिले. घरात ते पुस्तक समजावू शकणारे कुणी नाही, म्हणून तर महिना ८०० रुपयांची शिकवणी. ती बाईसुद्धा पुस्तकातली उत्तरे पाठच करून घेत होती. मुलाचा दोष नाही, शाळा वाईट आहे असेही मी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी घर गहाण पडत होते ती गोष्ट त्याला मिळत होती का, हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता, कारण एवढे पैसे जातात म्हणजे काहीतरी मिळतच असणार, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. बऱ्याच अनुदानित शाळांतून सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, जिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात आणि बाकीचे मुलाला घरी कुणाशी तरी बोलता येते. रत्नागिरीसारख्या शहरात फाटक हायस्कूल, पटवर्धन हायस्कूल यांसारख्या जुन्या शाळांची परंपरा आहे. पर्याय काही अंधाराचा नाही. आणि एनएमएमएसची परीक्षा चार वर्षांनी या मुलालाही देता येईल. आहे त्या शाळेत राहिला तर नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते, लाजेत. शाळा बदलणे म्हणजे व्हॅन दारात थांबायची बंद होणे. ते गल्लीला दिसते. दागिने पतपेढीत आहेत हे गल्लीला दिसत नाही. लोक दिसणारी लाज टाळण्यासाठी न दिसणारे कर्ज घेतात, आणि ते दिसू लागते तेव्हा लिलावाच्या फळ्यावर दिसते.

काही व्यवहाराच्या गोष्टीही मी त्यांना सांगितल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडाव्यात. चालू वर्षाचे शुल्क बुडवू नये. शाळेला लेखी अर्ज देऊन मुदत मागावी. शुल्क बाकी आहे म्हणून दाखला अडेल, ही भीती अनेकांना असते. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आधीच्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कर्जांत आधी शेकडा तीनचे फेडावे, मग सोन्याचे. रिक्षाचा हप्ता मात्र कधीही चुकवू नये. दागिन्यांतला एखादा स्वतः विकून बाकीचे सोडवावेत. आपण विकलेल्याला भाव मिळतो, लिलावात गेलेल्याचा भाव दुसरे ठरवतात. आणि मुलीच्या खात्याला हात लावायचा नाही. हे शेवटचे मी दोनदा सांगितले.

०००

एका घराचा हिशेब इथे संपतो. पण हे एका घराचे दुखणे नाही. केंद्र सरकारच्या २०२५च्या पाहणीनुसार शासकीय शाळेतल्या मुलामागे घराचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये आहे आणि इतर शाळांतल्या मुलामागे २५,००२. जवळजवळ नऊपट. एवढे अंतर आईबाप हौसेने पार करत नाहीत. शेजारच्या शाळेवरचा विश्वास उडतो तेव्हा करतात.

तो विश्वास कुणी घालवला? शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, असलेल्यांना निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणांच्या कामाला जुंपायचे, पट कमी झाला की शाळा बंद करायची भाषा काढायची. आणि मग पालक इंग्रजी शाळेकडे का धावतात यावर परिसंवाद घ्यायचे. शुल्क नियमनाचा कायदा २०११ साली राज्याने केला. त्यात पालक-शिक्षक संघाच्या समितीला शुल्क ठरवण्यात वाटा आहे. चांगली गोष्ट आहे. पण कायदा शुल्क किती हे ठरवतो, रिक्षावाल्याला ते पेलेल का हे ठरवू शकत नाही. २५ टक्के राखीव जागांचा लाभ प्रवेशाच्या पहिल्या वर्गापासूनच. चौथीत अडकलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. गरिबाचे खरे संरक्षण एकच असते: चालत जाता येईल अशा अंतरावर, पाठवताना मान खाली घालावी लागणार नाही अशी, फुकट किंवा जवळजवळ फुकट शाळा. गोखल्यांनी मागितले ते हेच.

जूनमध्ये मुलगा पाचवीला अनुदानित शाळेत गेला. सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. पहिले काही दिवस तो रडला. जुने मित्र भेटत नाहीत. सकाळी व्हॅन यायच्या वेळेला त्याची आई अजून मागच्या दारी काहीतरी काम काढते. शेकडा तीनचे पैसे फिटले. एक पाटली विकली, बाकीचे दागिने अजून सुटायचे आहेत. मुलगी अकरावी विज्ञानाला आहे.

परवा ती बाई एकटीच आली होती. या वेळी पिशवी नव्हती, हातात एकच पासबुक होते, मुलीच्या नावाचे. व्हॅनला गेलेले १२,००० महिना हजाराप्रमाणे परत भरायचे तिने ठरवले आहे. पहिल्या हजाराची नोंद झाली होती.

"बरोबर आहे ना, काका?" तिने विचारले.

मी नोंद पाहिली. बरोबर होती.